मुलाने सगळ्या बाहुल्या खोक्यात भरल्यात, आता काय करू?

प्रश्न: माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेली दोन-तीन वर्षं त्याला बाहुल्या बनवायचं वेड लागलंय. खेळण्यातल्या नाही, पपेट, हातात घालून तोंड हलवतात त्या. खोलीत जिकडेतिकडे फोमचे तुकडे, जुने मोजे, लोकरीचे केस, ग्लू गन. एकदा बोट चांगलंच भाजून घेतलं. एक बाहुली झाली की लगेच दुसरी सुरू, पण करून दाखव म्हटलं की दाखवत नाही, दार लावून घेतो आणि आतून वेगवेगळे आवाज येत असतात. वर्गात कळलं तेव्हापासून मुलं "बाहुल्या खेळतो" म्हणून चिडवतात. त्याचे बाबा ओरडत नाहीत, पण म्हणतात हे वय आहे का, आणि याचं पुढे काय होणार. मागच्या आठवड्यात त्याने सगळ्या बाहुल्या एका खोक्यात भरल्या आणि मला म्हणाला हे माळ्यावर टाक, मला नकोत. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं, आता अभ्यास करेल म्हणून. पण अभ्यासही करत नाहीये, नुसता मोबाईल घेऊन पडलेला असतो. खोकं अजून खालीच आहे. परत सुरू कर म्हणू, की सुटला एकदाचा म्हणून गप्प बसू?
– एक आई

उत्तर: ताई, खोकं माळ्यावर टाकलं नाहीत ते फार चांगलं केलंत. आणि तुम्हाला आधी बरं वाटलं यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, दहावी तोंडावर आलेल्या मुलाच्या आईला वाटणारच.

पण एक गोष्ट बघा. त्याने बाहुल्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, कुणा लहान मुलाला देऊन टाकल्या नाहीत, त्याने त्या भरल्या आणि तुमच्या हातात दिल्या. ज्याचा खरंच कंटाळा आलाय ती गोष्ट पोरं अशी नीट भरून ठेवत नाहीत हो, ती पलंगाखाली लोटून देतात नि विसरतात. माझ्या मते हा कंटाळा नाहीये. ही लाज आहे, आणि ती दोन बाजूंनी आलीय, एक म्हणजे वर्गातलं चिडवणं, जे तुम्हाला दिसतंय, आणि दुसरी बाजू तुमच्याच पत्रात आहे पण तिकडे तुमचं लक्ष गेलं नाही. तो बाहुली पूर्ण करतो, कुणाला दाखवत नाही, आणि लगेच दुसरी करायला घेतो. तिथेच सगळी मेख आहे असं मला वाटतं.

त्याआधी, तो आतापर्यंत जे शिकलाय ते किती आहे ते सांगते, कारण बाहेरून नुसता पसारा दिसतो. फोमचा शीट सपाट असतो. सपाट शीटमधून गोल डोकं काढायचं म्हणजे कागदावर पॅटर्न काढावा लागतो, त्यात पाचरीच्या आकाराच्या खाचा कापाव्या लागतात, मग त्या खाचांच्या कडा एकमेकींना चिकटवल्या की शीट आपोआप वळतो आणि फुगतो. ब्लाऊजला टक्स घालतात ना, तेच गणित. खाच थोडी खोल गेली तर डोकं टोकदार होतं, उथळ राहिली तर चपटं. हे कुणी न शिकवता जमवणं म्हणजे भूमितीच आहे, फक्त वहीत नाही. मग वरून कापड ओढायचं, शिवण दिसता कामा नये, म्हणून कापडाच्या घड्या आतून पकडत टाके घालायचे आणि वर लव असेल तर ती सुईने उचकटून टाक्यावर पसरायची. मग जबडा, जो हाताला घट्ट बसला पाहिजे पण अंगठा दुखता कामा नये. आणि डोकं हलकं पाहिजे, कारण हात डोक्याच्या वर धरून पाच मिनिटं उभं राहून बघा एकदा, खांदा भरून येतो.

आणि डोळे. तो तासन्‌तास डोळ्यांशी खेळत बसत असेल तर त्याला वेळ वाया घालवतोय असं म्हणू नका. बाहुलीच्या डोळ्यातली काळी टिकली बरोबर मध्यभागी लावली ना, तर बाहुली कुठेच बघत नाही, नुसती टक लावून बसल्यासारखी दिसते. दोन्ही टिकल्या किंचित नाकाच्या बाजूला सरकवल्या की एकदम वाटतं ती समोरच्या माणसाकडे बघतेय. किंचितच, जास्त झालं की तिरळी दिसते. डोळे, नाक आणि तोंड यांच्यातलं अंतर किती असावं यावर मपेट्स, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या प्रसिद्ध बाहुल्या, बनवणारे डॉन साहलिन इतका विचार करायचे की त्यांच्या त्या मांडणीला जादूचा त्रिकोण असं नावच पडलं. तुमचा मुलगा दार लावून बहुतेक तेच शोधत होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. बनवणं आणि चालवणं या दोन वेगळ्या कला आहेत, आणि ज्याचा हात बनवण्यात चांगला असतो त्याला चालवताना फार निराशा येते. कारण टेबलावर ठेवलेली बाहुली सुंदर दिसते, आणि हातात घातली की मेल्यासारखी वाटते. मुलाला ते कळतं, चांगलंच कळतं, आणि त्याला वाटतं बाहुलीच चुकली, म्हणून तो दुसरी करायला घेतो. बाहुली चुकलेली नसते. चालवायचा सराव झालेला नसतो. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, इतकंच.

सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचं एकच चुकतं, ते म्हणजे बोलताना बाहुलीच्या डोक्याचा वरचा भाग मागे फेकला जातो. आपण बोलतो तेव्हा आपलं डोकं वर उडत नाही, जबडा खाली जातो. म्हणजे चार बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली न्यायचा. आपला हात नेमकं याच्या उलट करायला बघतो म्हणून हे वाटतं त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. दुसरं म्हणजे तोंड कधी उघडायचं. "मला भूक लागली" हे वाक्य घ्या. नवा माणूस अक्षर संपताना बोटं मिटतो, त्यामुळे बाहुली शब्द चावून खाल्ल्यासारखी दिसते. तोंड अक्षराबरोबर उघडलं पाहिजे, "भू"ला उघड, "ला"ला मोठं उघड, "ली"ला थोडंसं. आणि भरभर बोलताना प्रत्येक अक्षराला उघडायचंच नाही, नाहीतर नुसती फडफड होते, ज्या अक्षरावर जोर तिथेच उघडायचं. हे तो रोज दहा-पंधरा मिनिटं रेडिओवरच्या बातम्यांबरोबर किंवा एखाद्या गाण्याबरोबर करत राहिला तर महिन्याभरात त्याचा त्याला फरक दिसेल.

पण यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे न बोलता बसणं. बाहुलीने काहीच करायचं नाही, फक्त श्वास घ्यायचा आणि बघायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची हँडस्प्रिंग पपेट कंपनी आहे, १९८१ साली सुरू झालेली, त्यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या 'वॉर हॉर्स' या २००७ सालच्या नाटकासाठी खऱ्या आकाराचा घोडा बनवला. वेताचा सांगाडा, आतली माणसं उघड दिसतात, तीन जण मिळून एक घोडा चालवतात, एक डोकं, एक मधला भाग आणि एक मागचे पाय. लोक त्या घोड्यासाठी रडतात. आणि या कंपनीचं सगळं काम श्वासावर उभं आहे, घोडा नुसता उभा असला तरी त्याचं पोट, मान, कान थोडं थोडं हलत राहतं, म्हणून तो जिवंत वाटतो. मुलाला सांगा त्याची आवडती बाहुली हातात घालून एक मिनिट फक्त तिला श्वास घ्यायला लाव, मनगट जरासं वर, जरासं खाली, मग दाराकडे बघायला लाव, मग हळूच परत समोर. एवढं जमलं की बाकीचं हळूहळू येतं.

आरशासमोर सराव करणं चांगलं, मोबाईल त्याहून चांगला, नाहीतरी तो हातात आहेच. टीव्हीसाठी काम करणारे बाहुलीवाले स्वतः खाली लपून हात वर करून समोरच्या मॉनिटरवर बघत काम करतात, आणि त्या मॉनिटरवर चित्र आरशासारखं उलटं नसतं, त्यामुळे सुरुवातीला डावीकडे बघायचं असेल तर बाहुली उजवीकडे वळते, सगळा गोंधळ होतो. सवयीने जमतं. फोन मागच्या कॅमेऱ्याने लावून ठेवायचा, शूट करायचं, मग बघायचं. कुणालाही पाठवायचं नाही. ही अट तुम्ही स्वतःहून घाला, म्हणजे त्याला मोकळं वाटेल.

चिडवण्याबद्दल. "लक्ष देऊ नकोस" म्हणून हे जात नाही, पंधराव्या वर्षी तर नाहीच. पण हे काम कोण कोण करतं हे त्याला माहीत असलं तर पाठीशी काहीतरी असतं. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एका बाहुलीला तीन माणसं लागतात, एक डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. परंपरेने दहा वर्षं पाय, मग दहा वर्षं डावा हात आणि मग कुठे डोकं हातात मिळतं असं म्हणतात. मजा म्हणजे त्यातल्या बायकांच्या बाहुल्यांना बहुतेक वेळा पायच नसतात, पायवाला माणूस किमोनोची किनार अशी हलवतो की चालल्यासारखं दिसतं. इंडोनेशियात वायांग हा बाहुल्यांचा खेळ करणारा कलाकार, त्याला दलांग म्हणतात, एकटा रात्रभर बसून सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, सगळ्या बाहुल्या हलवतो आणि वाद्यवाल्यांना इशारेही देतो. आणि आपल्याकडे पिंगुळीत ठाकर कलाकारांनी चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्यात, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मोठ्या माणसांनी आयुष्यभर केलेलं काम आहे हे. वर्गातल्या मुलांना हे ऐकवायची गरज नाही, त्याला स्वतःला माहीत असलं तरी पुरे. मात्र चिडवणं नुसतं बोलण्यापुरतं नसेल, वस्तू ओढणं, फाडणं, व्हिडीओ काढून फिरवणं असं काही असेल तर तिथे वाट बघू नका, सरळ वर्गशिक्षकांशी बोला.

आता त्याच्या बाबांचा प्रश्न, याचं पुढे काय. प्रश्न चुकीचा नाहीये, वेळ चुकीची आहे. तरी उत्तर देते. नुसत्या बाहुल्यांवर घर चालवणारी माणसं आहेत पण थोडी आहेत, कमाई अनियमित असते, हे मी गोड करून सांगणार नाही. पण या कामातून जे हात तयार होतात ते बऱ्याच ठिकाणी चालतात, स्टॉप मोशन अॅनिमेशन (बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून केलेला सिनेमा), सिनेमातले मुखवटे आणि कृत्रिम अवयव, नेपथ्य, वेशभूषा, प्रॉडक्ट डिझाईन, लहान मुलांना शिकवणं. रीतसर शिकायचीही सोय असते, प्रागच्या कला अकादमीत १९५२ पासून बाहुलीनाट्याचा विभाग आहे, अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयाची पदवी मिळते, फ्रान्समध्ये शार्लव्हिल-मेझिएरला खास यासाठीच शाळा आहे. युनिमा नावाची बाहुलीवाल्यांची जागतिक संघटना १९२९ सालापासून काम करतेय. हे सगळं आत्ता ठरवायचं म्हणून सांगत नाहीये. बाबांना एवढं कळावं की ही गल्ली पुढे बंद नाही.

त्यांना जिम हेन्सनबद्दलही जरूर सांगा, ज्यांनी मपेट्स केले. शाळा संपता संपता ते एका लोकल टीव्ही चॅनेलवर बाहुल्या चालवायला लागले, आणि १९५५ मध्ये त्यांनी आईच्या जुन्या हिरव्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगचा बॉल अर्धा कापून डोळे, अशी एक बाहुली केली. तोच पुढे कर्मिट बेडूक झाला. मला या गोष्टीत ती आई फार आवडते, तिचा कोट गेला आणि तिने बहुतेक फार आरडाओरडा केला नसावा. पण तुमच्या घरासाठी त्याहून महत्त्वाचं पुढचं आहे. विशीत असताना खुद्द हेन्सनना वाटायला लागलं की बाहुल्या हे काही मोठ्या माणसाचं काम नाही, सोडून द्यावं आणि चित्रं काढावीत. १९५८ मध्ये ते युरोपात फिरायला गेले, तिथे मोठी माणसं हे काम किती मन लावून करतात ते त्यांनी बघितलं, आणि परत येऊन जोमाने लागले. आणि पदवी घेतली होमसायन्सची, १९६० साली, कारण त्या विभागात कापडकाम आणि बाहुल्या शिकायला मिळत होत्या. म्हणजे अभ्यास सुटला नाही, आवडही सुटली नाही.

तुमच्या मुलाला ती युरोपाची फेरी घडवायची आहे, फक्त ती घरबसल्याही होते. चांगले प्रयोग त्याच्याबरोबर बसून बघा. जवळपास कुठे बाहुलीनाट्याचा खेळ असेल तर दोघंही जा, आणि खेळ संपल्यावर आत जाऊन कलाकारांना भेटा, ही माणसं बहुधा फार प्रेमाने बाहुली हातात देतात. एक तरी मोठा माणूस हे गंभीरपणे करताना त्याला प्रत्यक्ष दिसला पाहिजे, आयांच्या शंभर वेळा समजावण्याने होत नाही ते त्याने होतं.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. "परत सुरू कर" म्हणू नका, ते हुकूमासारखं लागतं. खोकं उघडा, त्यातली तुम्हाला खरोखर आवडलेली एक बाहुली काढा आणि त्याला जाऊन एखादा नेमका प्रश्न विचारा, हिचा जबडा कशाचा केलास, हे केस कसे बसवलेस. "किती छान" म्हणून सोडून देऊ नका, छान म्हटलं की मुलाला पुढे बोलायला काही उरत नाही, कसं केलंस विचारलं की तो अर्धा तास बोलतो. आणि तो बाहुली हातात घालून बोलायला लागला तर त्याच्याकडे नाही, बाहुलीच्या डोळ्यात बघून उत्तर द्या. हे करायला सुरुवातीला ऑकवर्ड वाटतं, पण कराच. बघणाऱ्याने मानलं तरच बाहुली जिवंत होते, आणि आजवर त्याच्या एकाही बाहुलीला बघणारं माणूस मिळालेलं नाही, तुम्ही पहिल्या व्हा. मात्र बाहुलीकडून त्याची गुपितं काढून घ्यायला जाऊ नका, म्हणजे "याला विचार बरं शाळेत काय झालं" वगैरे, त्याला एका क्षणात कळेल आणि तीही जागा बंद होईल. आणि पाहुण्यांसमोर "दाखव ना तुझी बाहुली" हे तर अजिबात नाही.

त्याने बाहुली बघून मान फिरवली तर ती बाहेर कपाटावर ठेवून द्या आणि विषय सोडा. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आणि महिना होऊनही तो कशातच रमत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रांशीही बोलणं बंद झालं असेल तर मग हा बाहुल्यांचा विषय राहत नाही, समुपदेशकाला दाखवा.

सुरू केलं तर सेफ्टीकडे लक्ष द्या, बोट भाजलंय म्हणून मुद्दाम सांगते. ग्लू गन दोन प्रकारच्या मिळतात, जास्त तापमानाची साधारण १९० डिग्रीला जाते आणि कमी तापमानाची १२०च्या आसपास, फोम आणि कापडाला बहुतेक ठिकाणी कमीवाली चालते. गरम ग्लू बोटाला लागला तर खसकन ओढून काढू नका, कातडी येते, वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं बोट धरायचं. चपला-बूट चिकटवायचं पिवळट सोल्युशन फोमला उत्तम बसतं, दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग दाबायचं, पण त्याचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतं, म्हणजे खिडक्या उघड्या, पंखा सुरू, जवळ ज्योत नाही. त्यामुळे दार लावून घेऊन हे काम करायचं नाही, ही एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा. कटरचं पातं बोथट झालं की बदलून द्या, बोथट पात्याला जोर लावताना हात घसरतो. आणि गरम तारेने फोम कापायचे व्हिडीओ तो बघत असेल तर ते थर्माकोलसाठी आहे, गादीसारखा मऊ फोम जाळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, तो कात्रीने नाहीतर कटरनेच कापायचा.

राहिला अभ्यास. मार्क कमी पडले तर फोम जप्त आणि चांगले पडले तर नवीन कापड, असा सौदा करू नका, त्याने आवडीची गोष्ट धमकीची होऊन बसते. त्यापेक्षा त्याच्याशी बसून वेळ ठरवा, रोज थोडा सराव आणि बनवायचं मोठं काम सुट्टीच्या दिवशी, कारण ग्लू वाळेपर्यंत मध्येच उठता येत नाही आणि मग एक तासाचे तीन तास होतात. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवी बाहुली सुरू करायची नाही, जुन्यांची दुरुस्ती आणि दहा मिनिटांचा सराव चालेल, आणि हे वेळापत्रक भिंतीवर लावायचं असेल तर ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.